खाणं आपोआप टिकतं

म्हैसुरात चायनाटाऊन नाही. गोबी मंचुरी मात्र प्रत्येक नाक्यावर आहे. दिवेलागणीला हातगाडीवर मोठी कढई चढते, फ्लॉवरचे तुरे मैदा-कॉर्नफ्लॉवरच्या पिठात बुडून तेलात पडतात आणि लालभडक होऊन ताटलीत येतात. वर चिरलेला कांदा आणि कोथिंबीर. विकणारा कन्नड, खाणारी कॉलेजची पोरं कन्नड, सुट्ट्या पैशांवरून वाजलंच तर तेही कन्नडमध्ये. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने मंचुरीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, तेव्हा ती राज्यभर पहिल्या पानाची बातमी झाली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंचुरियनचे गाडे नकोत असं ठरवलं होतं. देवाच्या जत्रेतून ज्याला हुसकावून लावावं लागतं, तो पदार्थ परका कसला?

मंचुरिया हा चीनचा ईशान्येकडचा मुलूख. तिथल्या माणसाला ही डिश दाखवली तर तो ओळखणार नाही, कारण ती जन्मली मुंबईत. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं-लसूण-हिरवी मिरची परतून, गरम मसाल्याला फाटा देऊन सोया सॉस ओतला, कॉर्नफ्लॉवर लावून रस्सा दाट केला आणि त्यात तळलेलं चिकन सोडलं, अशी त्याची जन्मकथा सांगतात. पुढे चिकनच्या जागी फ्लॉवर आला आणि शाकाहारी भारताने हे पोर दत्तक घेतलं. आज लग्नाच्या हॉलमध्ये बासुंदीच्या शेजारी मंचुरियनचं भांडं असतं, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

हा पदार्थ ज्यांच्यामुळे आला, त्या माणसांचं काय झालं? मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवर 'सी यप कून' नावाचं चिनी मंदिर आहे. कँटनकडच्या खलाशांनी १९१९ मध्ये उभारलेलं. वर क्वान कुंग हा देव, खाली क्वान यिन ही करुणेची देवी. एके काळी त्या भागात चिनी सुतार, चपला शिवणारे, दातांचे डॉक्टर अशी वस्ती होती. आता चिनी नववर्षाला उदबत्त्या लावायला माणसं शहरभरातून येतात, कारण जवळपास राहणारं फारसं कुणी उरलेलं नाही. कोलकात्याच्या टिरेटा बाजार आणि टांगरा या चिनी वस्त्यांची गोष्ट मोठी आहे, पण शेवट त्याच दिशेचा. टांगऱ्यातले हाका या चिनी समाजाचे चामड्याचे कारखाने सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर हलवावे लागले आणि त्यांच्या जागी हॉटेलं आली.

पण खरा घाव त्याआधीचा होता. १९६२ च्या युद्धानंतर आसाम, दार्जिलिंग, कालिम्पाँग अशा भागांतून चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना उचलून राजस्थानात देवलीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांत चहामळ्यांवर काम करणारे होते, शाळकरी पोरं होती, भारताबाहेर पाऊलही न टाकलेल्या बायका होत्या. काहींच्या सुटकेला १९६७ उजाडलं. परत आले तर कित्येकांची घरं-दुकानं लिलावात गेलेली. त्यांतले बरेच जण पुढे कॅनडात आले, आपल्या टोरांटोच्या परिसरात. स्कार्बरो, ब्रॅम्प्टन, मिसिसागात 'हाका' अशी पाटी पाहून आपण गाडी वळवतो, चिली चिकन मागवतो आणि गल्ल्यावरची आजी बंगाली वळणाच्या हिंदीत बोलली की खूश होतो. देवलीत राहिलेल्यांची संघटनाही याच भागात आहे आणि भारत सरकारने माफी मागावी अशी तिची मागणी आहे. चिली चिकन खाताना हे आपल्याला कुणी सांगत नाही. आपणही विचारत नाही.

मला म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. पदार्थ टिकायला तो समाज टिकावा लागत नाही. पदार्थाला फक्त गिऱ्हाईक लागतं. भारतात चिनी खाणं गल्लोगल्ली पोचलं ते नेमकं त्याच काळात, ज्या काळात भारतातली चिनी माणसं पांगत होती. म्हणून आपल्या टोरांटोच्या मराठी मंडळात कुणी "निदान आपली खाद्यसंस्कृती तरी आपण जपली" असं म्हटलं की मला धास्ती वाटते. मिसळ, वडापाव, पुरणपोळी यांना आपल्या जपण्याची गरजच नाही. ती फ्रोझन पाकिटातून आपल्याशिवायही चालत राहतील.

याच्या नेमकी उलटी गोष्ट बघायला म्हैसूरहून जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर जावं लागतं. हुणसूर, पिरियापट्टण सोडलं की कुशालनगरच्या अलीकडे, कावेरीच्या अलीकडच्या काठाला, बैलकुप्पे लागतं. कूर्गच्या सहलीला निघालेल्या मराठी बसेस इथे हमखास थांबतात. कार्यक्रम ठरलेला: 'गोल्डन टेंपल'मध्ये तीन सोनेरी मूर्तींसमोर फोटो, बाहेर मोमोची प्लेट, एखादी प्रार्थनाचक्राची किचेन, चला बसमध्ये. पुष्कळ जण घरी जाऊन सांगतात, "तिकडे एक चिनी गाव बघितलं, जेवण मस्त होतं." ज्या तिबेटी लोकांना चीनच्या सैन्यामुळे घर सोडावं लागलं, त्यांच्या गावाबद्दल आपण हे बोलतो आहोत, हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

दलाई लामा मार्च १९५९ मध्ये भारतात आले. त्यांच्या मागोमाग आलेल्या हजारो लोकांना आधी आसामातल्या मिसामारीसारख्या छावण्यांत आणि हिमालयातल्या रस्त्यांच्या कामांवर ठेवलं होतं. नेहरूंनी राज्यांकडे जमिनीसाठी शब्द टाकला. तत्कालीन म्हैसूर राज्याने सुमारे तीन हजार एकर जंगल भाडेपट्ट्याने दिलं, आणि १९६०-६१ मध्ये 'लुगसुंग समडुपलिंग' ही पहिली वसाहत सुरू झाली. म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री राहिलेल्या निजलिंगप्पांचं नाव तिथले जुने लोक आजही आदराने घेतात. १९६९ मध्ये शेजारीच 'डिक्यी लारसो' ही दुसरी वसाहत झाली.

जमीन दिली म्हणजे काय दिलं, हे डोळ्यांसमोर आणून बघा. बर्फाच्या पठारावरचे मेंढपाळ आणि शेतकरी, साग-बांबूच्या रानात, उकाड्यात, तंबूत. रात्री हत्ती पिकात घुसायचे. क्षयाने आणि उष्णतेने माणसं गेली. माणशी साधारण एक एकर वाट्याला आली, ती स्वतः जंगल तोडून शेतीयोग्य करायची. जव इथे कुणी करत नव्हतं, याक तर नव्हताच. काही पिकं करून पाहिली, फसली, शेवटी मका लागला. मग सहकारी सोसायटी आली: बी-खत तिच्याकडून, माल तिच्याकडे, तिचाच ट्रॅक्टर, तिचंच वर्कशॉप, गालिचे विणायचा कारखानाही तिचा. आपल्या पश्चिम महाराष्ट्राच्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही. याच वसाहतींना मदत करायला १९६८ मध्ये 'म्हैसूर रीसेटलमेंट अँड डेव्हलपमेंट एजन्सी' ही संस्था निघाली. तीच पुढे 'मायराडा' या नावाने कर्नाटकातल्या बचतगटांसाठी प्रसिद्ध झाली. म्हणजे निर्वासितांसाठी जे शिकलं, ते नंतर कन्नड गावांच्या कामी आलं.

आता खाण्याकडे वळतो, कारण तुमच्यातले निम्मे लोक त्याचीच वाट बघत असणार. बैलकुप्प्यात मोमोपेक्षा थेंथुक खा. मळलेल्या कणकेची पट्टी हातावर धरून तिचे तुकडे ओढत-तोडत उकळत्या रश्श्यात टाकतात. आपली वरणफळं हीच, फक्त डाळ आणि गोडा मसाला वजा केलेला. टिंगमो म्हणजे वाफवलेला, पाकळ्या सुटणारा पाव, तो मुगाच्या पारदर्शक शेवयांच्या भाजीबरोबर मोडून खायचा. लाफिंग ही गार, गुळगुळीत, जहाल तिखट डिश. ती चीनच्या सिच्वानकडच्या पदार्थावरून आली आणि तिबेटी पोरांनी तिला आपलीशी केली, हे सांगायला त्यांना कसलाही संकोच नाही. खारा लोण्याचा चहा पहिल्या घोटाला आवडणार नाही. लोणीही आता गायीचंच. लोसारच्या, म्हणजे नववर्षाच्या, आधी महिन्याच्या एकोणतिसाव्या रात्री गुथुक करतात: नऊ जिनसांचा रस्सा, आणि त्यात कणकेचे मोठे गोळे. एखाद्या गोळ्यात कोळसा, एखाद्यात मिरची, एखाद्यात मीठ नाहीतर लोकर. कोळसा निघाला तो काळ्या मनाचा, मिरचीवाला तोंडाळ, मीठवाला आळशी, लोकरवाला मऊ. सगळं घर एकमेकांची थट्टा करत ते जेवतं.

हे सगळं चविष्ट आहे, पण बैलकुप्पे यामुळे टिकलेलं नाही. तिथल्या घरांत रोजचं जेवण कितीतरी वेळा भात, डाळ आणि भाजी असतं. मठांच्या मोठ्या स्वयंपाकघरांतही तेच. कुशालनगरला कामाला गेलेला तिबेटी माणूस सकाळी इडली खातो आणि त्याचं तिबेटीपण यत्किंचितही कमी होत नाही. जे नेटाने धरून ठेवलं ते वेगळंच आहे.

एक म्हणजे शिक्षण. निर्वासितांच्या मुलांसाठी केंद्र सरकारने १९६१ मध्येच स्वतंत्र शाळांची व्यवस्था उभी केली. बैलकुप्प्यात तशी शाळा आली. पण सुरुवातीला या शाळा इंग्रजीकडे झुकलेल्या होत्या आणि मुलांचं तिबेटी कच्चं राहतं आहे हे लोकांच्या लक्षात आलं. मग १९८५ पासून तिबेटी शाळांनी प्राथमिक वर्गांचं माध्यम तिबेटी करायला घेतलं. नीट लक्ष द्या: परदेशात, परक्या भाषेच्या समुद्रात, पोटासाठी इंग्रजी अत्यावश्यक असताना, त्यांनी लहान मुलांचं शिक्षण मातृभाषेत वळवलं. पाठ्यपुस्तकं लिहावी लागली, शिक्षक घडवावे लागले. पुण्यातली सुशिक्षित घरं जे पुण्यात करायला तयार नाहीत, ते.

दुसरं म्हणजे मठ. नामड्रोलिंगची सुरुवात १९६३ मध्ये पेनोर रिन्पोचे यांनी केली, बांबूच्या साध्या मंदिरापासून. सहलीवाल्यांचं सोनेरी मंदिर फार नंतरचं, १९९९ चं. ल्हासाजवळ १४१९ मध्ये स्थापन झालेला सेरा मठ १९७० मध्ये इथे नव्याने उभा राहिला, तो बंगालच्या बक्सा छावणीतून आलेल्या सुमारे तीनशे भिक्षूंच्या जोरावर. आज तिथल्या अंगणात संध्याकाळी शेकडो भिक्षू वादविवादाला उभे राहतात. प्रश्न विचारणारा पाय आपटून टाळी वाजवतो, बसलेल्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. घोकंपट्टीही आहे, तर्कही आहे, आणि वर्षानुवर्षं चालणारा अभ्यासक्रम आहे. धर्म बाजूला ठेवा; इथे एका भाषेत कठीण विचार करणं रोज चालू असतं. भाषेत नुसती गाणी म्हटली तर ती भाषा सणापुरती उरते.

तिसरी गोष्ट आपल्याला सगळ्यात झोंबणारी: वर्गणी. १९७२ पासून तिबेट्यांचं एक 'हिरवं पुस्तक' असतं. निर्वासित प्रशासनाला दर वर्षी स्वेच्छेने द्यायच्या पैशाची त्यात नोंद होते. बैलकुप्प्याचा शेतकरी देतो, आणि टोरांटोच्या पार्कडेलमध्ये राहणारा, शिफ्टमध्ये काम करणारा त्याचा पुतण्याही देतो. त्याच पुस्तकाच्या आधारे निर्वासित संसदेसाठी मतदान होतं. आणि आपण? गणपतीच्या जेवणाचं तिकीट पाच डॉलरने वाढलं की ईमेलींचा पाऊस. मराठी शाळेच्या वर्गासाठी पैसे मागितले की "मुलांना इंटरेस्ट नाही हो."

याला उत्तर ठरलेलं आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही. तिबेट्यांना परतीची वाट नव्हती; आपण विमानाचं तिकीट काढून, राजीखुशीने, चांगल्या पगारासाठी आलो. आपली भाषा मागे आठ कोटींहून अधिक लोक बोलताहेत, ती आपल्या टोरांटोतल्या चार वर्गांवाचून मरणार नाही. त्यांना सरकारने जमीन दिली, आपल्याला कोण देणार? शिवाय एकत्र, वेगळं राहण्याची किंमतही त्यांनी मोजली आहे. जमीन अजून भाडेपट्ट्याचीच आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने नव्याने करून घ्यावं लागतं. भारतात जन्मलेल्या तिबेट्यांना नागरिकत्वाच्या हक्कासाठी २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाकडून निकाल मिळवावा लागला. अशा अवस्थेचा मत्सर कुणी करू नये.

त्याहून मोठी अडचण अशी की बैलकुप्पेही रिकामं होतं आहे. २००९ च्या तिबेटी पाहणीत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी होते. तेव्हापासून ओघ बाहेरच आहे. २००८ नंतर तिबेटमधून नव्याने येणारे जवळपास थांबले. शिकलेली मुलं बंगळुरूला, तिथून न्यू यॉर्क किंवा टोरांटोला जातात. मठांत आता नेपाळ, भूतान, लडाख, अरुणाचलची मुलं मोठ्या संख्येने आहेत. शेतात राबणारे हात कित्येकदा आसपासच्या कन्नड गावांतले असतात. म्हणजे माझंच उदाहरण माझ्यावर उलटतं का? मला तसं वाटत नाही. बैलकुप्प्याने साठ वर्षांत जी माणसं घडवली, ती पार्कडेलमध्ये उतरल्यावर पहिल्या काही वर्षांतच रविवारची तिबेटी शाळा आणि स्वतःचं सांस्कृतिक केंद्र काढून बसली. मोमोची दुकानंही निघाली, ती निघणारच. पण मुलाला तिबेटी वाचता यावं हे मोमो विकून साधत नाही, हे त्यांना इथे येण्याआधीच ठाऊक होतं.

आपल्या घरचं उदाहरण हवं तर तंजावर आहे. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे मराठी दरबार होता. दरबार संपल्यावर काय राहिलं? तंजावरी मराठी घरांत डांगर आणि आंबट भाजी अजून होते, घरात तमिळ वळणाची गोड मराठी बोलतात, मला ती ऐकायला फार आवडते. पण सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतल्या कागदांचे ढीग आहेत आणि ज्यांच्या पूर्वजांनी ते लिहिले, त्यांच्या घरांत ते वाचणारं माणूस शोधावं लागतं. आंबट भाजी राहिली, मोडी गेली. आणि हे लांब कशाला, महाराष्ट्रातसुद्धा गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 'नोर्ग्येलिंग' ही १९७२ पासूनची तिबेटी वसाहत आहे. धानाच्या मुलखात, आपल्याच राज्यात, ही माणसं पन्नासहून अधिक वर्षं आहेत. तिबेटी म्हटल्यावर आपल्याला हिवाळ्यात फुटपाथवर बसणारे स्वेटरवाले आठवतात, तेवढंच.

या डिसेंबरात घरी जाताना म्हैसूरला जाणार असाल तर बैलकुप्प्याला एक पूर्ण दिवस द्या. परदेशी पासपोर्ट असेल तर वसाहतीत मुक्काम करायला 'प्रोटेक्टेड एरिया परमिट' लागतं आणि त्याला वेळ लागतो. त्यापेक्षा कुशालनगरला राहा. सोनेरी मंदिर बघाच, पण तिथून सेऱ्याकडे जा, संध्याकाळचा वादविवाद उभा राहून ऐका, सोसायटीच्या दुकानात डोकावा. आणि कृपा करून कुणाला "तुम्ही चायनीज का?" असं विचारू नका.

मी स्वतः आपल्या पुढच्या वार्षिक सभेत एक ठराव मांडणार आहे. कार्यक्रमांच्या जेवणाचा सगळा खर्च तिकिटातूनच निघावा, वर्गणीतला एक पैसाही त्यात जाऊ नये. वर्गणीचा निम्मा भाग मराठी शाळेच्या शिक्षकांच्या मानधनाला द्यावा. आज ते काम फुकट करतात आणि दोन वर्षांत थकून सोडतात. उरलेला निम्मा स्वतःच्या जागेच्या निधीत, मग ती जागा मिळायला वीस वर्षं का लागेनात. मोठ्या मुलांसाठी महिन्यातून एकदा मराठीतून वादविवाद ठेवावा, विषय त्यांनी निवडावा, मराठी अडखळती असली तरी चालेल, टाळी वाजवायची मुभा असेल. दिवाळीच्या जेवणात एक पक्वान्न कमी झालं तर होऊ दे. ठरावाला अनुमोदक हवा आहे; नावं माझ्याकडे कळवावीत.